आठवं टिपाड

हे घडलं तेव्हा भर दुपार होती.

ते आधीच सांगितलेलं बरं. भुताखेताचं म्हटलं की लोकांना अमावास्या लागते, ओसाड विहीर लागते. इथं तसलं काही नव्हतं. १९७३ सालचा एप्रिल, दुपारचे साडेबारा, अणदूरच्या पलीकडचा उघडा माळ. ऊन असं, की माणसाची सावलीसुद्धा पायाखाली दडून बसलेली.

ज्याच्यावर हे बेतलं तो मच्छिंद्र खोटं बोलणारा माणूस नव्हता. भित्रा तर मुळीच नव्हता.

म्हणूनच त्यानं सांगितलेलं खोटं म्हणता येत नाही.

मच्छिंद्र अठरा वर्षं फौजेत ड्रायव्हर होता. पेन्शनीत निघाला तो एक नाद घेऊनच. पुण्याकडं मिल्ट्रीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव व्हायचा. तिथून त्यानं भंगारात निघालेला एक तीन टनी ट्रक उचलला, दुसऱ्या गाडीला बांधून गावापर्यंत ओढत आणला, वस्तीसमोरच्या लिंबाखाली उभा केला. आणि पुढची दोन वर्षं त्याच्याखाली उताणा पडून राहिला.

इंजिन उतरवलं. पिस्टनच्या रिंगा सोलापूरहून आणल्या. रेडिएटरला डाग दिले. स्प्रिंगचे मोडलेले पाटे लोहाराकडून नव्यानं घडवून घेतले. त्याची बायको बनाबाई हातात पान्हे देता देता ते नंबरानं ओळखायला शिकली. शेवटी दोघांनी मिळून ट्रकला हिरवा रंग दिला. एके दिवशी हँडल मारल्याबरोबर इंजिन असं गरजलं, की लिंबावरचे सगळे कावळे उडाले.

"आता भाड्यानं लाव," लोक म्हणाले.

"म्हातारा फौजी हाय त्यो," मच्छिंद्र म्हणाला. "त्याला हमाली करायला लावू व्हय?"

रविवारी एक चक्कर मारायची, मग पुसूनपासून परत लिंबाखाली. एवढंच.

पण बहात्तरचा पाऊस आलाच नाही.

वस्ती बौद्धांची, बत्तीस घरांची. वस्तीची विहीर पौषातच आटली. सरकारी टँकर यायचा तो गावातल्या आडात रिकामा व्हायचा, आणि तिथं वस्तीच्या बायांची पाळी सगळ्यांत शेवटी. तोवर आडात गाळच उरायचा. एक दिवस बनाबाई चार तास उन्हात उभी राहून रिकामी घागर घेऊन परतली. मच्छिंद्रनं ती घागर पाहिली. उठला, ट्रकमध्ये आठ टिपाडं चढवली, दोनशे दोनशे लिटरची लोखंडी पिंपं.

आठ मैलांवर महालिंगप्पांचं शेत होतं. म्हातारा माणूस. त्यांच्या विहिरीला अजून झरा होता.

"आप्पा, पाणी मागायला आलोय."

"मग मागतोस कशाला? भर की," आप्पा म्हणाले आणि स्वतः जाऊन त्यांनी विहिरीवरचं इंजिन चालू केलं.

एक टिपाड चार घरांना. हिशेब बरोबर जमला. दोन दिवस वस्तीनं पोटभर पाणी प्यायलं.

तिसऱ्या दिवशी मच्छिंद्रनं टिपाडं उतरवायला घेतली.

सात भरलेली.

आठवं...

आठवं कोरडं ठाक.

तोंडावर बांधलेलं पोतं तसंच. सुतळीची गाठ तशीच. भोक नाही, चीर नाही. ट्रकच्या फळीवर पाण्याचा थेंब नाही. आत हात घातला तर तळाशी ओलसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी त्यानं टिपाड बदललं.

जागा तीच, केबिनच्या अगदी पाठीमागची.

पुन्हा कोरडं.

पाचव्या दिवशीही तेच झालं, तेव्हा वस्तीतली धुरपदाबाई पुढं आली. आठवं टिपाड तिच्या आणि शेजारच्या तीन घरांचं. तिच्या कडेवर नातू होता, त्याचे ओठ फुटलेले.

"मच्छिंदर, आमचंच पाणी रोज कसं रं सांडतं? का वाटंत कुणाला देतूस?"

मच्छिंद्रच्या आयुष्यात कुणी त्याच्याबद्दल असं बोललं नव्हतं. घरात आलेलं स्वतःचं पाणी त्यानं त्या चार घरांत वाटून टाकलं.

रात्री नवराबायको कोरड्या घशानं झोपले.

"उद्या म्या मागं बसते," बनाबाई म्हणाली. "टिपाडाला हात लावून बसते. बघू कोण येतंय."

बसली.

महालिंगप्पांच्या शेतातून निघून अर्धी वाट झाली. माळ लागला. दोन्हीकडं झाड नाही, माणूस नाही. आणि मच्छिंद्रच्या पाठीमागं, केबिनच्या पत्र्यावर...

ठक.

एक थाप.

ट्रकवाल्यांचं ठरलेलं असतं. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. त्यानं ब्रेक दाबला, उतरून मागं धावला.

"काय झालं? का थांबवलंस?"

बनाबाईचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्या न्हाय वाजवलं."

"मग कुणी?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. टिपाडाकडं दाखवलं.

मच्छिंद्रनं कान दिला.

पोत्याच्या आतून... घट... घट... घट...

उन्हातान्हातून आलेलं माणूस तांब्या तोंडाला लावल्यावर जसं पितं, तसं. मधे श्वास घ्यायला थांबायचं. परत घट... घट...

मच्छिंद्रनं गाठ तोडली, पोतं फेकून दिलं.

आत काही नव्हतं.

पाणीसुद्धा नव्हतं.

ही बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. मच्छिंद्रचा थोरला चुलतभाऊ कोंडिबा संध्याकाळीच आला.

"लढाईतली गाडी हाय ती. कुणाचा जीव गेला असंल तिच्यात, कुणाला ठावं. माळावर एक कोंबडं काप, नारळ फोड, मोकळा हो."

"दादा, आपण दीक्षा घेतली तवाच हे सोडलं. आता ह्या पत्र्याच्या गाडीपायी परत धरू?"

"मग भंगारात घाल तिला!"

"ती तर मुळीच न्हाय."

"मग करणार काय तू?"

"जाऊन इचारतो," मच्छिंद्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच निघाला. बनाबाई येते म्हणून हट्टाला पेटली, पण त्यानं ऐकलं नाही. आठही टिपाडं भरली. माळाच्या मध्यावर, आदल्या दिवशी थांबला होता त्याच जागी, कुणी थाप मारायच्या आधीच त्यानं ट्रक उभा केला. इंजिन बंद केलं.

आणि मग त्याला कळलं की काहीतरी चुकतंय.

तापलेलं इंजिन बंद केलं की पत्रा तडतडतो. टिक, टिक करत गार होतो. दोन वर्षं त्याच्याखाली झोपलेल्या माणसाला तो आवाज पाठ असतो.

आज पत्रा गप्प होता.

वारा नव्हता. टिटवी नव्हती. रेडिएटरमध्ये उकळणाऱ्या पाण्याची खदखदसुद्धा नव्हती. सगळा माळ श्वास रोखून उभा...

मच्छिंद्र मागच्या फळीवर चढला. हातात बावीस नंबरचा पान्हा. आठव्या टिपाडाचं पोतं त्यानं काढलं आणि शेजारी ट्रकच्या कठड्यावर बसला.

"ये," तो म्हणाला. "बसलोय म्या."

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग पाण्यावर तरंग उठला. कडेला नव्हे, अगदी मधोमध. कुणीतरी ओठ टेकवावेत तसा.

घट...

पाणी एक बोट उतरलं.

घट... घट...

चार बोटं.

मच्छिंद्रचे पाय म्हणत होते, उडी मार आणि पळ. मागं चार मैलांवर आप्पांचं शेत, पुढं चार मैलांवर वस्ती. पण त्याच्या डोळ्यांसमोर धुरपदाबाईच्या नातवाचे फुटके ओठ आले, आणि भीतीच्या जागी त्याला एकदम राग आला.

"ए!" तो ओरडला. "कोण हायस तू? कुठल्या पलटणीचा? आरं, जित्या माणसांनी आमचं पाणी तोडून बघितलं. आमी मेलो न्हाय. आता तू मेलेला येऊन तोडणार? लेकरांचं पाणी हाय ते! शिपाई असशील तर लाज वाटू दे!"

असं म्हणून त्यानं पान्हा फेकला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत टिपाडात घातले.

एप्रिलच्या उन्हात तापलेल्या लोखंडी टिपाडातलं पाणी. ते कोमट असायला हवं होतं.

हात जळावेत इतकं ते गार होतं.

आणि त्या पाण्यात... दुसरे हात होते.

बारीक, हाडांचे. त्यांनी त्याचं उजवं मनगट धरलं.

ओढलं नाही. मुरगाळलं नाही. बुडणारा माणूस धरतो तसं नुसतं घट्ट धरून ठेवलं. ते हात थरथरत होते. मच्छिंद्रनं फौजेत तहानेनं तडफडणारी माणसं पाहिली होती. ही थरथर त्याला ओळखता आली.

त्यानं हात सोडवून घेतला नाही.

"हां," तो हळू म्हणाला. "असं सांग की मग."

डाव्या हातानं त्यानं केबिनच्या मागच्या पत्र्याला लटकवलेला आपला जर्मनचा मग ओढून घेतला. टिपाडात बुडवला, भरून वर काढला.

"हे बघ. माझ्या बापाला पाणी पाजायचं तर लोक वरनं वतायचे. त्यो ओंजळ करून खाली बसायचा. म्या तुला तसं न्हाय पाजणार. ह्यो माझा सवताचा मग. तोंड लावून पी. रोज एक मग तुझा. पण टिपाडाला परत तोंड लावलंस, तर गाठ माझ्याशी हाय. तुला ह्या गाडीतनं म्या खाली उतरवीन, आन् ह्याच माळावर सोडून जाईन."

तो भरलेला मग त्यानं पुढं धरला. रिकाम्या हवेत.

बराच वेळ त्याचा हात तसाच होता.

हळूहळू हातातला मग हलका झाला...

मनगटावरची पकड सुटली. पाण्यात आता फक्त त्याचेच हात होते.

आणि खालून, इंजिनाकडून, आवाज आला. टिक... टिक... टिक...

त्या दिवशी वस्तीत आठही टिपाडं उतरली. आठव्यात चार-पाच बोटं पाणी कमी होतं, एवढंच. धुरपदाबाईनं घागर भरली, मच्छिंद्रकडं पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले. पुढं पाऊस लागेपर्यंत रोज फेरी झाली. एकही टिपाड पुन्हा रिकामं आलं नाही. भरून सीटवर ठेवलेला तो मग मात्र रोज माळापर्यंत कोरडा व्हायचा.

कोण होतं ते? मच्छिंद्रनं फौजेतल्या जुन्या उस्तादाला ट्रकचा नंबर कळवून पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

एक गोष्ट तो सहसा सांगत नाही. ती बनाबाई सांगते.

चौऱ्याऐंशी साली सोलापूरचा एक शौकीन व्यापारी ट्रक बघायला आला. ट्रकभोवती तीनदा फिरला, खूश झाला, म्हणाला, "बोला, काय घ्याल?" आणि हात पुढं केला.

"इकायचा न्हाय," असं म्हणत मच्छिंद्रनं त्याच्या हातात आपला उजवा हात दिला.

बर्फाला हात लागावा तसा व्यापाऱ्यानं तो झटक्यात सोडला. आपल्या पंजाकडं बघितलं. मग मच्छिंद्रच्या तोंडाकडं. आणि तसाच जीपमध्ये जाऊन बसला.

मच्छिंद्र मोठ्यानं हसला. "पळालं बघ!"

जीप दिसेनाशी झाल्यावर मात्र त्याचं हसू मावळलं. मे महिना होता. ट्रक सकाळपासून उन्हात उभा, बॉनेटवर भाकरी भाजावी असा पत्रा तापलेला. मच्छिंद्रनं उजवा तळहात त्या पत्र्यावर टेकवला आणि दाबून धरला.

"अवं, भाजंल!" बनाबाई ओरडली.

तो हलला नाही. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग हात उचलून तिच्यापुढं धरला.

कातडी लालसुद्धा झाली नव्हती.

"बघ," तो म्हणाला. "अजून गारच हाय."