मास्तरांचे तीन ठोके

ही घटना माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली आहे. यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

मामांनी मला ती एकदाच सांगितली. पुन्हा विषय काढला की ते उठून दुसऱ्या खोलीत जातात.

वार मंगळवार. वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. लोकांना वाटतं, असल्या गोष्टी अंधारातच घडतात. ही लख्ख उन्हात घडली.

मामा ध्वनिमुद्रक. त्यांचा छोटासा स्टुडिओ होता. दोन खोल्या, मधे जाड काच. आतल्या खोलीत माईक, एक लोखंडी स्टँड आणि एक लाकडी स्टूल. बाहेरच्या खोलीत मामा आणि त्यांची यंत्रं.

तेव्हा काम चालू होतं एका व्हिडिओ गेमचं. गेम एका चित्रकथेवरून बनवलेला. त्यातल्या नायकाचं नाव राख्या. राखाडी कोट, तोंडावर राखाडी फडकं आणि पोलिसांवर काडीचा विश्वास नाही. गुंड दिसला की हा स्वतःच निकाल लावणार. कुणाचं डोकं काचेवर आपट, कुणाचा हात दारात चेचून काढ, कुणाला पंख्याच्या पात्यात ढकल. हा म्हणे चांगला माणूस!

मामांच्या यंत्रात नुसत्या मोडणाऱ्या हाडांचे दोनशे आवाज होते. हाडं म्हणजे गाजरं, ओल्या फडक्यात गुंडाळून मोडलेली. कवटी म्हणजे अक्रोड. मामी म्हणायची, "घरात भाजी टिकेल तर शप्पथ!"

पण किंकाळी काही गाजरातून निघत नाही. ती मास्तरांची.

मास्तर म्हणजे जुने नट. उभ्या आयुष्यात एक मोठी भूमिका त्यांच्या वाट्याला आली नाही, पण मरावं तर मास्तरांनीच. गेममधले झाडून सगळे गुंड एकटे मास्तर मरायचे आणि काम संपलं की घाम पुसत बाहेर यायचे. मामांना ते 'कानवाल्या' म्हणायचे.

"कानवाल्या, आज किती वेळा मेलो रे?"

"त्रेचाळीस वेळा, मास्तर."

"घरी बोलू नकोस. बायको त्रेचाळीस वेळा रडेल."

त्या गेममध्ये चौकशीचा एक प्रकार होता. राख्या गुंडाला टेबलावर दाबून धरतो आणि लोखंड कापायचं फिरतं ग्राइंडर त्याच्या तोंडाजवळ नेतो. खेळणाऱ्याने बटण दाबून धरायचं. वेळेत सोडलं तर गुंड बोलतो. सोडायला उशीर झाला तर मेला.

त्या प्रसंगात गुंड ओरडतो, "थांबा! पुरे! मरतोय मी!"

आता ओरडणाऱ्या नटाला खरंच काही झालं, तर ओळखायचं कसं? 'थांबा' तर कागदावर लिहिलेलंच होतं. म्हणून दोघांनी फार पूर्वीच एक खूण ठरवली होती. स्टुलावर तीन ठोके. ठोके पडले की मामांनी हातातलं सगळं टाकून आत धावायचं.

सहा वर्षांत ती खूण एकदाही करावी लागली नव्हती.

त्या मंगळवारी मास्तर आत उभे राहिले. हेडफोन लावले. मामांनी इशारा केला.

आणि मास्तर ओरडले...

मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. घसा आतून फाटल्यासारखा आवाज होता. मधेच तो ओला झाला, गुडगुडला, पुन्हा वर चढला. अशी किंकाळी त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. त्यांचे डोळे पडद्यावर नाचणाऱ्या आवाजाच्या रेषेवर खिळले होते. काचेकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

टक.

टक.

टक...

आणि मग धप्प.

मामा आत धावले तेव्हा मास्तर आडवे पडलेले होते. कपाळ स्टँडच्या लोखंडावर फुटलं होतं. दात ओठातून आरपार गेले होते. माईकवरून रक्त ठिबकत होतं.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

मास्तरांच्या बायकोला मामा वहिनी म्हणायचे. त्यांनी मामांना एकच प्रश्न विचारला.

"भाऊजी, त्यांना फार त्रास झाला का हो?"

"नाही वहिनी. क्षणात गेले. त्यांना कळलंसुद्धा नाही."

चार दिवसांनी मामांनी ती किंकाळी यंत्रावर लावली. त्यातून तीन ठोके आणि शेवटचा धप्प आवाज साफ पुसून काढला.

आणि ती गेममध्ये देऊन टाकली.

मला त्यांचा राग आला होता. अजूनही येतो. पण ते मामा आहेत माझे.

महिन्याभराने गेम कंपनीतल्या टेस्टरचा फोन आला. दिवसभर गेम खेळून त्यातल्या चुका शोधणं हे त्या मुलीचं काम. मामांनी सवयीने घड्याळ बघितलं.

तीन वाजून दहा मिनिटं.

"सर, चौकशीच्या प्रसंगात ठोके कशाला घातलेत?"

"कसले ठोके?"

"टेबलावरचे. टक, टक, टक. पण सर, गुंडाचे तर दोन्ही हात बांधलेले आहेत."

मामांनी गेमला दिलेला आवाज लावून बघितला. ठोके नव्हते. त्या जागी रेष सपाट होती.

"अजून एक, सर," ती म्हणाली. "ठोके ऐकू आले की मी बटण सोडते. तरी राख्या सोडतच नाही. ग्राइंडर चालूच राहतं. गालाचं मांस निघतं, जबडा उघडा पडतो, रक्त पार पडद्यावर उडतं... मी मोजलं. दर वेळी अकरा सेकंद."

मामांनी घाईघाईने फोन ठेवला.

तिसरा ठोका आणि तो धप्प आवाज यांच्यात अकरा सेकंद गेले होते. हे फक्त मामांना माहीत होतं.

त्यांनी त्याच दिवशी ती किंकाळी काढून टाकली. जुनी, दुसरीच एक दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. त्याच मुलीचा.

"ठोके येतातच, सर. मी स्पीकरची वायर काढली. तरी येतात..."

"मग येतात कुठून?"

"माझ्या टेबलाखालून."

तिने ते काम सोडलं. मामांनी मात्र स्टुडिओ सोडला नाही. तीन दिवस ते आतून कडी लावून बसले आणि एकेक आवाज तपासत राहिले. काही सापडलं नाही.

चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, काय हा पोरखेळ? तीन दिवस बघतेय. भर दुपारी येता, तीनदा दार वाजवता आणि मी उघडेपर्यंत निघून जाता. काय सांगायचंय ते एकदा सांगून टाका ना."

मामा तीन दिवसांत उंबऱ्याबाहेर पडलेच नव्हते.

ते तसेच उठून वहिनींकडे गेले. बूट काढायचंही त्यांना सुचलं नाही.

"वहिनी, मी खोटं बोललो. मास्तर क्षणात गेले नाहीत. त्यांनी ठोके दिले होते. मी ऐकले. पण मला वाटलं, चुकून हात लागला असेल. मी थांबलो. अकरा सेकंद."

वहिनींनी दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

मग म्हणाल्या, "मला ते ऐकवा."

"नको वहिनी. माझं ऐका..."

"ऐकवा म्हणते ना!"

साफ केलेल्या त्या किंकाळीची एक प्रत मामांनी कपाटात ठेवली होती. का ठेवली, हे त्यांना आजही सांगता येत नाही. स्टुडिओत आल्यावर वहिनी मास्तरांच्याच स्टुलावर बसल्या. मास्तरांचेच हेडफोन त्यांनी कानाला लावले. मामांनी बाहेरून बटण दाबलं.

या वेळी मामांनी काचेवरून नजर हलवली नाही.

वहिनींचे डोळे मिटले. मुठी आवळल्या. ओठ दाताखाली गेला. पडद्यावरची रेष नाचली, चढली... आणि संपली. यंत्र थांबलं.

वहिनींनी हेडफोन काढले नाहीत.

त्या अजून काहीतरी ऐकत होत्या.

मामा मनात आकडे मोजत होते. आठ... नऊ... दहा...

अकराला वहिनींनी डोळे उघडले. त्या बाहेर आल्या.

"ठोके ऐकू आले," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "चुकून हात लागावा तसे नाहीत. आणि मग तुम्ही बोलता."

"मी?"

"'चालू द्या मास्तर, चालू द्या! असाच हवाय!'"

मामांची नजर यंत्रावरच्या एका बटणाकडे गेली.

बाहेरच्या खोलीतून आतल्या नटाशी बोलायला एक वेगळं बटण असतं. ते बोलणं फक्त नटाच्या हेडफोनमध्ये जातं. ते रेकॉर्ड होत नाही. कधीच होत नाही.

मामांनी ते ठोके पहिल्याच क्षणी ओळखले होते. पण तसा आवाज पुन्हा मिळाला नसता. म्हणून त्यांनी ते बटण दाबलं होतं. मास्तरांनी या जगात शेवटचं ऐकलं ते हे.

वहिनींनी हेडफोन टेबलावर ठेवले.

"एवढंच सांगायचं राहिलं होतं तुमचं, भाऊजी."

त्या गेल्या. त्यांच्या दारावरचे ठोके त्या दिवसापासून थांबले. मामांनी स्टुडिओ बंद केला. आता त्यांच्या घराच्या दारावर मोठी पाटी आहे, घंटीच वाजवा म्हणून.

गोष्ट इथे संपली असं मला वाटलं होतं.

गेल्या महिन्यात माझ्या नवऱ्याने तोच गेम घरी आणला. मी त्याला यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. रविवारची दुपार होती. मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

"अगं, ऐक, हा गुंड काय मस्त ठोकतोय टेबलावर!"

माझ्या हातातली घडी सुटली.

"सोड," मी म्हणाले. "बटण सोड आधी!"

त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. हात रिकामे होते. गेमचा रिमोट सोफ्यावर पडला होता.

पडद्यावर राख्या थांबला नव्हता. ग्राइंडर फिरत होतं. गुंडाच्या तोंडाच्या जागी तोंड उरलं नव्हतं...

आणि स्पीकरमधून एक आवाज आला. नवऱ्याला वाटलं, राख्याच बोलला.

"चालू द्या मास्तर, चालू द्या!"

तो आवाज मी लहानपणापासून ओळखते.

मामांना हे सांगायचं माझ्याकडून अजून राहिलंय.