लाडीला कोण चारतं?

खरं तर पशुसंशोधन केंद्रातून तिला जायचं होतं दुसऱ्याच गोठ्यात. धुक्यात वाट चुकली, आणि फाटकाशी एक तरणाबांड शेळीपालक दुधाची बादली घेऊन उभा. “दूध तपासायला आलात ना? या की,” तो इतक्या आपलेपणानं म्हणाला, की ‘चुकून आले’ हे शब्द तिच्या तोंडातच राहिले. मग काय, प्रयोग तिथेच सुरू झाला.

प्रयोग साधा होता. चाऱ्यात माशाचं तेल मिसळायचं, म्हणजे शेळीच्या दुधातलं फॅट उतरतं. किती, ते मोजायचं. जवळजवळ सगळ्या शेळ्यांचं उतरलंही. काळीचं मात्र जरासं चढलं, आणि लाडीचं? ते चढतच चाललं होतं! केंद्रातले साहेब म्हणाले, “मालक लबाडी करतोय. पुन्हा असंच झालं तर तो गोठा प्रयोगातून बंद.” गोठा बंद म्हणजे तोही दिसणार नाही.

“चोरून जवस घालता ना?” तिनं विचारलं.

त्याचे कान लाल झाले. “घालतो... पण फक्त काळीला. जवसाच्या तेलानं गाईचं फॅट उतरतं ना? म्हटलं, काळीचं फारच उतरेल, तुम्हाला काळजी वाटेल... रोज याल.”

“अहो, शेळी म्हणजे काय बुटकी गाय आहे? जवसानं तिचं चढतं!” तिला हसू आवरेना. “करायला गेलात एक... आणि लाडीला?”

“तिला मी हातही लावत नाही. ती आईची. आई गेल्यापासून ती कुणाच्या हातचं खात नाही.”

तेवढ्यात कोपऱ्यातून कुरकुर आवाज आला. लाडी मान उंचावून उभी होती, गव्हाणीपासून लांब. समोर कुणीच नव्हतं. तिचे ओठ हवेतच हलत होते, अगदी तळहातावरचं टिपून खावं तसे. भाजल्या जवसाचा वास सुटला. खालचा पेंढा हळूच दबला.

ते पाहून तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

“आता तुम्ही नाही येणार...” तो पुटपुटला. “कोण येईल अशा गोठ्यात?”

पळावंसं तिला फार वाटलं. पण त्याला सोडून जावं, असं मुळीच वाटेना. त्याचा हात न सोडता ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिनं दुसरा रिकामा हात पुढे केला.

“आई... तुमचा मुलगा मला आवडतो. फार आवडतो. येऊ का मी या घरात?”

लाडीचं चघळणं थांबलं. गोठ्यातल्या सगळ्या शेळ्या एकदम तिच्या पुढे केलेल्या हाताकडे पाहू लागल्या.

तिच्या तळहातावर जवसाचे कोमट दाणे पडले. आणि कुणीतरी, फार मायेनं, एकेक करून तिची बोटं मिटली.