ट्रकच्या पाठीवरचं अक्षर

सुक्रे शहराच्या बाजाराजवळ एदेल्मिरा हसली आणि सगळा घोटाळा झाला.

ट्रकच्या पाठीवर लाल रंगात स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं, 'तुला शोधलं… आणि पोहोचलो.' पण दोन्ही क्रियापदांचं स्पेलिंग चुकलेलं!

"शोधलं म्हणजे 'बुस्के'. इथं तर 'बुसे' झालंय!" ती मैत्रिणीला म्हणाली, जरा मोठ्यानेच. शाळेत भाषा शिकवायची सवय, दुसरं काय! भोवतीचे लोक फिदीफिदी हसले. ट्रकवाला भडकला. शिडीवरचा रंगारी सेवेरो मात्र मुकाट्याने उतरला, आणि त्याने ओल्या अक्षरांवरून फडकं फिरवलं.

त्याचे ते लाल झालेले कान तिला आठवडाभर छळत राहिले.

रविवारी ती त्याच्या शेडमध्ये गेली. "माफी मागायला आलेय."

"कशाला, बाई? चूक माझीच. घरी आम्ही केचुआ बोलतो. तिसरीत शाळा सुटली. आता नुसती फुलं काढतो, अक्षरं बंद."

"वा! एवढं वळणदार अक्षर, आणि बंद? द्या इकडे तो खडू."

तिने पत्र्यावर लिहून दाखवलं. "भूतकाळात 'मी' आला की इथं सी जाऊन क्यू-यू येतं."

"का पण?"

"उच्चार बदलू नये म्हणून."

सेवेरो बघतच राहिला. "म्हणजे… आवाज तोच राहावा म्हणून अक्षर जागा सोडतं?"

असं तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मग दर रविवारी मक्याच्या जांभळ्या आपीचे दोन वाफाळते पेले आणि एक क्रियापद. 'झोपणं' शिकताना तो वैतागला. "मी झोपलो तर 'दोर्मी', आणि ती झोपली की 'दुर्मिओ'? ती आली की मुळातच गडबड होते वाटतं!"

"व्याकरणापुरतंच बोला," ती म्हणाली… आणि पेल्यात बघून हसली.

जानेवारीत तिची बदली कामार्गोला झाली. सात-आठ तासांचा रस्ता. तिने सांगितलं तेव्हा सेवेरो बराच वेळ ब्रश पुसत बसला.

"बाई, 'प्रेम करणं'… भूतकाळात काय होतं?"

"'किसे'." ती म्हणाली. "अवघड आहे. मूळच बदलतं."

"मग ते मी शिकणार नाही. मला वर्तमानकाळ पुरे आहे."

पत्र्यावर पावसाचे थेंब तडतडू लागले. एदेल्मिराने शाल सावरली, दारापर्यंत गेली… आणि वळली.

"आई येतेय माझ्यासोबत राहायला. तिला मळकी नखं अजिबात खपत नाहीत, रंगाने माखलेलीसुद्धा नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्याच रविवारी कामार्गोला हात घासून ये."

सहा महिन्यांत पहिल्यांदाच ती 'या' नाही, 'ये' म्हणाली होती. सेवेरोचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी तो हसत होता.