अकरा मिनिटं

वाचनालयाची सीडी परत करायला मी रविवारी दुपारी निघालो होतो. तेवढ्यात वहिनी माझ्या वरच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "थांबा भावोजी. हे गेले त्या दिवशी तुम्ही हाच सिनेमा बघत होतात ना? लावा. मलाही बघू दे."

दादा जिन्यावरून पडून गेला, त्याला दोन महिने झाले होते. मी तेव्हा याच खोलीत होतो. दार बंद होतं, काही ऐकू आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. वहिनीला ते पटलं नव्हतं. खोटं उघडं पडलं असतं तर या घराचं दार मला कायमचं बंद झालं असतं.

आवाज मला आला होता. हाकही आली होती. पण शेवटचा प्रसंग चालू होता, गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं होतं. खुनी कळला की उठू, म्हणून मी बसून राहिलो. अकरा मिनिटं. माझ्या वहीत तशी नोंद आहे.

मी खिडकीचे पडदे ओढले आणि सीडी लावली. काळापांढरा उजेड वहिनीच्या गालांवर हलू लागला.

"खुनी कोण आहे?"

"शेवटी कळतं."

"तुम्हाला माहीतच असेल. माहीत असून गप्प बसायची सवयच तुमची."

दिवाणखाना आला. गुप्तहेराने विचारलं, "पडल्याचा आवाज कोणी ऐकला?"

मग त्या सिनेमातच काहीतरी गडगडत खाली गेलं आणि हाक आली, "चित्रगुप्ता… जरा ये रे…"

सारखं टिपून ठेवतो म्हणून मला या नावाने एकटा दादाच चिडवायचा.

"हे… सिनेमातलं आहे?"

"हो," मी म्हणालो. "सिनेमातलंच."

पडद्यावरच्या सगळ्यांनी आमच्या पाठीमागे असलेल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. गुप्तहेराने खिशातलं घड्याळ काढलं आणि तो थांबून राहिला. चित्र अडकलं नव्हतं. टेबलावरची मेणबत्ती हलत होती.

पुन्हा हाक आली. आता दाराबाहेरून.

"उठा," वहिनी दातओठ खात म्हणाली. "आज तरी उठा."

मी बाहेर आलो, कठड्यावर हात ठेवून खाली पाहिलं. भर दुपारी खालच्या पायऱ्यांना रंगच नव्हता. ते करडेपण एकेक पायरी वर चढत होतं.

"दादा…?"

मागे वहिनीने आतून कडी घातली.

आज सोळा दिवस झाले. हल्ली मी दुसरीकडे खोली घेऊन राहतो. कठड्यावर ठेवलेला हात त्या दिवशी मनगटापर्यंत करडा झाला होता. आज सकाळी पाहिलं. कोपराच्या वर दोन बोटं.