घोडीच्या पायांवरचं पाणी

दिवा मोठा करू नका. असाच बरा आहे. रस्त्यावर विजेचे दिवे लागले, म्हणून तुम्हा पोरांना वाटतं की म्हैसूरचा अंधार संपला. ही गोष्ट त्या दिव्यांच्या आधीची. साल एकोणीसशे, माघ शुद्ध अष्टमी, बुधवार सरून गुरुवार लागायची रात्र. जिच्यावर ती गुदरली तिचं घर आमच्या घराला भिंतीला भिंत लावून होतं. भिंतीलाही कान असतात म्हणतात ना? आमच्या भिंतीला ते माझे होते. आणि जे भिंतीतून ऐकू आलं नाही, ते तिनं पुढं माझ्या आईला स्वतः सांगितलं. तेव्हा मधे हसू नका. हसायचं तिथं मीच हसवीन.

तर त्या संध्याकाळी गिरिजाबाई विस्तव मागायला आमच्याकडं आल्या. हातात शेणाची गोवरी, डोक्यावरून पदर, आणि चेहरा असा, की जणू उद्या पापड लाटायचे आहेत एवढीच काळजी. आईनं चुलीतला निखारा गोवरीवर ठेवला आणि हळूच म्हणाली, आजची रात्र इथंच पडा, कोणाला कळायचं नाही. गिरिजाबाईंनी निखाऱ्यावर फुंकर घातली. म्हणाल्या, मला कळेल की.

आता हट्ट कसला, ते ऐका. आमची गल्ली शिलेदारांची. स्वतःचा घोडा घेऊन सरकारी रिसाल्यात चाकरी करणाऱ्यांची. आजे-पणजे घोड्यावर बसूनच या मुलखात आले, आणि उतरले तरी त्यांच्या चालीरीती घोड्यावरच राहिल्या. त्यातली एक अशी. स्वार लांबून घरी परतला, की घरच्या बाईनं उंबऱ्याच्या आत उभं राहून घोड्याच्या पुढच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायचं. पाणी पडलं की वाट संपली. मग स्वार उतरणार, जीन आपल्या हातानं काढून ठेवणार. पाणी पडलं नाही तर माणूस दारात उभा असला तरी वाटेतच आहे, असं धरायचं.

गिरिजाबाईंचे सासरे नागोजीराव. सत्तरी उलटलेले, पण नंजनगूडच्या देवाला जायचं तर घोड्यावरूनच. नवीन आगगाडीला ते लोखंडी गाढव म्हणत. आदल्या वर्षी याच अष्टमीला ते नंजनगूडहून निघाले, आणि रात्री त्यांची पांढरी घोडी चंद्री एकटीच दारात येऊन उभी राहिली. पाठीवर जीन, जीनवर कोणी नाही. गिरिजाबाईंनी कंदील उचलला आणि तशाच रस्त्याला लागल्या. अंगणात भरलेली घागर होती. तिकडं बघायला कोणाला सुचतंय? म्हातारबा वाटेत एका वडाखाली सापडले. थंड झालेले. चंद्रीनं चारा सोडला, महिन्याभरात तीही गेली. जीन आणि खालची घोंगडी तेवढी पडवीतल्या खुंटीवर राहिली.

पुढं लोक बोलायला लागले. रात्री टापा ऐकू येतात. गल्लीच्या तोंडाशी येतात, दारापर्यंत येतात, थांबतात. मी स्वतः दोनदा ऐकल्या. का म्हणजे? पाणी पडलं नव्हतं ना.

आणि या बोलण्याला तेल कोण घालत होतं, तर धाकटे दीर मालोजीराव. राहायचे गल्लीच्या टोकाला. त्यांना वहिनींच्या घराच्या जागेवर टांग्यांचा तबेला करायचा होता. गिरिजाबाई विधवा, पोटी मूल नाही. मालोजीरावांनी ठरवलं होतं की वहिनींनी आता त्यांच्या घरी यावं, चुलीपाशी कोपरा आहेच. म्हणजे त्यांच्या सहा पोरांच्या भाकऱ्या थापायला. सासऱ्यांनी मात्र जिवंतपणी चार माणसांत सांगितलं होतं, की हे घर थोरल्या सुनेचं.

वर्षश्राद्धाची पानं उठली तेव्हा मालोजीराव सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, आबा अजून वाटेत आहेत ते तुमच्यापायी. तुम्ही त्या घरात आहात तोवर ते आत यायचे नाहीत."

गिरिजाबाई हात पुसत बाहेर आल्या. "भाऊजी, मामंजी यायचे असतील तर स्वतःच्याच घरी येतील. दार उघडायला मी आत नको?"

मालोजीराव म्हणाले, बोलणं सोपं आहे, आज त्यांची तिथी, एकट्या राहून दाखवा. त्यांना वाटलं, बाई घाबरेल. बाई म्हणाली, राहते. पण मग सकाळी परत तोंड उघडायचं नाही. निवाड्याला अंबाजीराव बसले. हे रिसाल्यातले जुने दफेदार, गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी अट घातली: रात्री दार लावल्यापासून सूर्य उगवेपर्यंत गिरिजाबाईंनी उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर घर मालोजीरावांचं. नाही ओलांडला तर गिरिजाबाई मरेपर्यंत त्या घराचं नाव कोणी काढायचं नाही.

म्हणून तो विस्तव स्वतःच्या चुलीत नेला त्यांनी. भाकरी केली, खाल्ली. माजघरात अंथरूण घातलं. आणि निजण्याआधी तांब्याभर पाणी घेऊन उंबऱ्याच्या आत ठेवलं. वर वाटी झाकली. खुंटीवरच्या जीनकडं बघून म्हणाल्या, हे मी भिंतीतून ऐकलं, "मामंजी, वर्षभर लोकांची झोप मोडलीत. आज आलात तर नीट या."

चंद्र मध्यरात्रीनंतर मावळला. गल्ली गडद झाली. पहाटेचे तीन वाजायला आले असतील, गिरिजाबाईंना जाग आली. का आली, ते कळेना. आवाज नव्हता. म्हणजे कुठलाच नव्हता. गल्लीतली कुत्री रात्रभर भांडायची, ती गप्प. रातकिडे गप्प. गोठ्यातली आमची म्हैस मात्र उभी राहिली होती. तिच्या गळ्यातली घंटा एकदाच वाजली.

मग लांबून घरघर आली.

नंजनगूडच्या बाजूनं. जमिनीतून. टापांसारखी, पण एका घोड्याच्या नव्हे. शंभर घोडे भरधाव सुटावेत तशी. गिरिजाबाई उठून बसल्या. फळीवरची पितळी भांडी किणकिणायला लागली. आधी एक. मग सगळी. देवापुढचा टांगता दिवा हलला. वारा नव्हता. तो डावीकडं गेला, उजवीकडं गेला, आणि भिंतीवरची सावली त्याच्यामागं धावली.

आता तुम्ही शहाणे, शाळेत जाणारे. तुम्ही म्हणाल, भूकंप. आमच्या गल्लीत तो शब्द कोणाला माहीत? आज्यानं सांगितलेला नाही, पणज्यानं सांगितलेला नाही. शेषानं फणा हलवला, एवढं पुराणात ऐकलेलं. म्हैसूरची जमीन हलते, हे कोणाच्या मनातही नव्हतं. जमीन थरथरते ती घोडे आले म्हणजे. आम्हाला एवढंच ठाऊक. अख्ख्या गल्लीला झोपेत एकच वाटलं, रिसाला आला. म्हातारे पागोटी शोधायला लागले. खोटं नाही सांगत, आमच्या आईनं अर्धवट झोपेत घागर उचलली.

आणि गिरिजाबाईंना वाटलं... त्यांना काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा.

पडवीत रिकिबी वाजल्या, स्वार पाय अडकवतो त्या. जीनच्या. एकमेकींवर. ठण... ठण.

त्या उठल्या. पाय जमिनीवर ठरेनात. भिंत धरत पडवीत आल्या. दाराची कडी हलत होती. आपोआप. कोणी बाहेरून हिसडा द्यावा तशी.

त्या थांबल्या.

आईला त्यांनी सांगितलं, की तेवढा एक क्षण त्यांना भीती वाटली. मागच्या दारानं निघून जावं असं वाटलं. मग त्यांना राग आला. वर्षभर लोकांचं ऐकलं, त्याचा. जी चूक त्यांनी माणूस शोधायच्या घाईत केली, तिच्या नावानं घर मागणाऱ्यांचा. आणि सासऱ्यांचाही, हो. त्यांनी कडी काढली. दार उघडलं.

बाहेर काळोख. काही दिसत नाही. गल्लीत आरडाओरडा सुरू झालेला. कौलं पडायला लागली होती, आणि आता सगळ्यांना कळलं होतं की हे घोडे नव्हेत. मालोजीरावांचा आवाज आला, "वहिनी, बाहेर या! घर पडतंय, बाहेर या!"

त्या क्षणी त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. पण गिरिजाबाईंनी ते कसं मानावं? सूर्य उगवायचा होता. त्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. एक हात सागवानी चौकटीला. दुसऱ्यात तांब्या.

"नाही येणार," त्या म्हणाल्या. पण मालोजीरावांना नव्हे. समोरच्या काळोखाला. "मामंजी, पाणी राहिलं ती चूक माझी. घर माझं आहे. आत यायचं तर या."

आणि तांब्या उपडा केला.

पाणी पडलं.

पडल्याचा आवाज झाला नाही.

दगडी पायरी समोर होती. दगडावर पाणी पडलं की सपका वाजतो. वाजला नाही. पाणी खाली पोचलंच नाही असं वाटलं... मधेच कशावर तरी जिरलं... मग कोणीतरी श्वास सोडला. मोठा. नाकातून. ऊन ऊन श्वास त्यांच्या हातावर आला.

घरघर थांबली.

त्यांच्या खांद्याला काहीतरी घासून आत गेलं.

घामाचा वास. चामड्याचा वास.

त्या वळल्या नाहीत.

मागं माजघराचं छप्पर कोसळलं. आढं, वासे, कौलं, सगळं. जिथं अंथरूण होतं तिथं. धुळीचा लोट पडवीतून बाहेर आला, दिवा विझला. गिरिजाबाई चौकट धरून उभ्या होत्या. रिकामा तांब्या हातात. तशाच राहिल्या. पूर्वेला फटफटलं. मग केशरी झालं. मग ऊन आलं, आणि त्यांनी उजवा पाय उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला.

गल्ली अंगणात जमलेली. सगळे रात्रीच्या कपड्यांत, आणि काहींच्या अंगावर तेवढेही नव्हते. मालोजीराव लंगोटावर होते, वर कोणाचं तरी लुगडं पांघरलेलं. त्यांनी आत डोकावून माजघराचा ढिगारा बघितला. मग म्हणाले की आता या घरात राहणार कुठं, छप्परच नाही.

गिरिजाबाईंनी त्यांच्या अंगावरच्या लुगड्याकडं पाहिलं. "पैज उंबऱ्याची होती, भाऊजी. छपराची नव्हती. छप्पर मी घालीन. तुम्ही आधी घरी जाऊन धोतर नेसा."

कोणी हसलं नाही. मी हसलो, आईनं चिमटा काढला.

अंबाजीरावांनी निवाडा सांगायला तोंड उघडलं, आणि ते पडवीकडं बघत राहिले. तोंड उघडंच.

पडवीची भिंत शाबूत होती. तडासुद्धा नाही. खुंटी जागेवर. खुंटीवर जीन नव्हतं. खाली पडलेलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं, सगळ्या गल्लीत सगळंच पडलं होतं. पण ते पडलेलं नव्हतं. उंबऱ्यापासून हातभर आत, भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. पुढचा भाग खाली. पोटाखालून आवळायचा तंग दुमडून वर टाकलेला. रिकिबी सरकवून आत खोचलेल्या. जसं स्वार लांबून आल्यावर आपल्या हातानं काढून ठेवतो. आणि वरून घोंगडी पसरलेली. घोडीच्या अंगाला लागणारी बाजू वर करून. वाळायला.

वर्षभर त्या जीनला कोणी हात लावला नव्हता. धूळ बोटभर होती. आता धूळ नव्हती.

अंबाजीराव वाकले. चाळीस वर्षं घोड्यावर काढलेला माणूस. त्यांनी घोंगडीवर तळहात ठेवला. ओला हात उचलून नाकाशी नेला. मग गिरिजाबाईंना रामराम करून घरी गेले. तो त्यांचा निवाडा.

गिरिजाबाईंनी घोंगडी उचलून अंगणातल्या उन्हात दगडावर टाकली. आमच्या खिडकीतून तो दगड नीट दिसायचा. माघातलं ऊन, कोरडं, कडक. मी सकाळभर बघत होतो. दुपार झाली, जेवणं झाली, सावली फिरली. घोंगडीवरून अजून वाफ निघत होती. दगडावर पाणी ठिबकतच होतं.