सदतिसाव्या दिवसाचा खाडा

मंगळावर संध्याकाळ झाली म्हणजे साताऱ्यात किती वाजले असतील, याचा काही भरवसा नसे. तिथला दिवस आपल्यापेक्षा जवळपास चाळीस मिनिटांनी मोठा. ऋजुता केंजळे तिथल्या वसाहतीत पाणी शोधायच्या कामावर होती आणि रोज संध्याकाळी आईला निरोप धाडायची. तो इकडे कधी पहाटे यायचा, कधी भरदुपारी. हर्षदाताईंचा मात्र नेम ठरलेला: लेकीचा आवाज ऐकल्याशिवाय संध्याकाळी ताटावर बसायचं नाही.

हा घोळ निस्तरला ओजस बेडेकरने. ऋजुताचा हा वर्गमित्र आता वेळजुळणी केंद्रात प्रोग्रामर होता. वेळजुळणी म्हणजे दोन ग्रहांच्या घड्याळांचा मेळ घालणं. तत्त्व सोपं: क्षण साठवायचा एकाच सामाईक घड्याळात आणि दाखवायचा ज्याच्या त्याच्या गावच्या वेळेत. त्याचा प्रोग्राम आलेला निरोप राखून ठेवी आणि बरोबर सातला, दिवेलागणीला, हर्षदाताईंना ऐकवी. सेकंदाची चूक नाही!

तरीही दर सदतिसाव्या दिवशी सात वाजायचे आणि निरोप नसायचा. हर्षदाताई कॅलेंडरवर फुली मारून 'खाडा' लिहायच्या, दूधवाल्याचा लिहावा तसा.

"हे काय रे बाबा?" त्यांनी एकदा विचारलं.

"काकू, तिचा दिवस रोज चाळीस मिनिटं मागे पडतो. तुमचे सदतीस दिवस होतात तेव्हा तिचे छत्तीसच झालेले असतात. ती खाडा करत नाही हो, तिच्याकडे तेवढी संध्याकाळच झालेली नसते."

"असू दे. एक दिवस उपाशी राहिल्याने काही मरत नाही मी."

पण काकूंना मधुमेह. ओजसला राहवेना. त्याने गुपचूप प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: सातपर्यंत नवा निरोप आला नाही, तर जुन्या निरोपांचे तुकडे जुळवून ऋजुताच्याच आवाजात एक तयार करायचा. त्याला त्याने नाव दिलं 'भरणी'. खाडे बंद झाले तेव्हा काकूंनी विचारलं, तर "गणित सुधारलं," म्हणून हा मोकळा. भला माणूस, पण भलेपणाच्या भरात किती चुकतात माणसं!

वर्षभराने मंगळावर धुळीचं वादळ उठलं. वसाहतीचा अँटेना कोसळला, संपर्क तुटला. केंद्रातल्या कुणालाच श्वास घ्यायला फुरसत नव्हती. नवव्या दिवशी काकूंच्या शेजारणीचा फोन आला.

"अहो, त्यांना जरा समजावा. वादळाचं सांगितलं तर हसतात. म्हणतात, कालच बोलली माझी पोर!"

ओजसने प्रोग्राम उघडून पाहिला: वादळ उठल्यापासून रोज सातला भरणीच वाजत होती. निरोप नसेल तर काय करायचं, ते त्याने लिहिलं होतं. निरोप का नसेल, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

त्याने आधी भरणी काढून टाकली, मग काकूंकडे जाऊन सगळं कबूल केलं. काकू ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत.

"आणि ती?" एवढंच त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, काकू."

त्यानंतर चौथ्या दिवशी संपर्क जुळला. ओजस धावतच सातच्या आत काकूंच्या घरी पोचला.

"आई, आम्ही सगळे सुखरूप आहोत गं. जेवलीस का?"

ओजसच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू, ही खरी आहे! मी स्वतः तपासलंय. जेवा आता."

हर्षदाताईंनी कॅलेंडर खाली काढलं. "खाडा पडायचा तेव्हा जीव तुटायचा माझा. पण तो पडायचा, म्हणून बाकीचे दिवस खरे वाटायचे रे. आता पुन्हा कधी पडेल?"

ओजसने हिशेब केला. "एकोणतीस दिवसांनी."

"मग तेव्हा सांगेन, ही माझी पोर आहे की नाही ते."

वाढलेल्या ताटावर दुसरं ताट झाकून त्या उठल्या.