हँक डोलनच्या कार्डावरची लाल रेघ

"अजून जोरात पूस," अनीश म्हणाला.

"पुसतेच आहे. ही लाल रेघ निघत नाहीये यार," इला म्हणाली, आणि तिने तिसरा टिश्यू ओला केला.

किचनच्या ओट्यावर जाड पारदर्शक प्लास्टिकची एक चपटी डबी पडली होती. डबीत बेसबॉलचं जुनंपानं कार्ड होतं, खेळाडूचा फोटो छापलेलं, शौकीन लोक जमवतात तसलं. हँक डोलन नावाचा एक खेळाडू खांद्यावर बॅट टाकून त्यातून या दोघांकडे ऐटीत बघत होता. इलाच्या बाबांनी, म्हणजे अतुलकाकांनी, ते गेल्याच आठवड्यात इथे अमेरिकेत, रॅले शहरात भरणाऱ्या कार्ड शोमधून, म्हणजे अशा कार्डांच्या बाजारातून, आणलं होतं. आता खरं सांगायचं तर अतुलकाका पुण्याचे, जन्म क्रिकेटमध्ये गेलेला. मॉरिसव्हिलमध्ये घरापासून चालत जाता येईल असं क्रिकेटचं मैदान आहे, तरी या वर्षी त्यांच्या डोक्यात बेसबॉल शिरला होता. कारण काय, तर ऑफिसातले सगळे लंचला बेसबॉलचंच बोलतात, आणि काका आपले बाजूला सॅलड चिवडत बसतात.

आता ती लाल रेघ कुठून आली, ते सांगायला हवं. ती आली रुपालीमावशीच्या हातून.

इलाची आई शैलजा ऑफिसच्या कामाला बेलव्ह्यूला गेली होती, म्हणून तिची मोठी बहीण रुपालीमावशी नागपूरहून सुट्टीभर राहायला आली होती. घरात नवीन वस्तू आली की तिला हळदकुंकू लावायचं, हा मावशीचा शिरस्ता. एअर फ्रायरला लावलं, इलाच्या लॅपटॉपला लावलं, तर बाबांच्या लाडक्या कार्डाला कसं सोडेल? आज सकाळी तिने कुंकवात पाण्याचा थेंब टाकला, डबीवर बोट टेकवलं आणि ती देवापुढे उभी ठेवली. कुंकू जरा पातळ झालं होतं. ते ओघळून कडेपर्यंत गेलं.

"काहून गं, इतकं काय झालं?" मावशी म्हणाली. "पुसलं की जाते."

वरचं कुंकू लगेच गेलं. पण डबीच्या उजव्या कडेला केसासारखी बारीक लाल रेघ उरली. एका कोपऱ्यात तर लाल रंग प्लास्टिकच्या आत, कार्डाच्या जवळ पोहोचला होता.

नेमके तेव्हाच बाबा आले. त्यांनी डबी उचलली, खिडकीशी नेली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कोणी केलं?"

"मी केलं, अतुलराव," मावशी म्हणाली. "नवीन वस्तू म्हणून—"

"ताई, हे काय घरातलं भांडं आहे का? जुनं कार्ड आहे हे. तुम्हाला यातलं काही कळत नाही, तर हात कशाला लावायचा? माझ्या घरात निदान मला विचारून तरी करत जा."

मावशीने कुंकवाचा करंडा बंद केला. हात पुसून ती खोलीत गेली. थोड्या वेळाने इलाला तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. "शैलजा, तू आली का मी निघते बाप्पा. तिकीट बदलून दे. नाही नाही, कोणी काही नाही म्हटलं."

इलाने हातातला टिश्यू चुरगळला. या सुट्टीत मावशीबरोबर किती काय करायचं ठरलं होतं. आणि "माझ्या घरात" हे बाबांनी म्हणायला नको होतं, हे तिला चांगलंच कळत होतं.

"अनीश," ती हळूच म्हणाली, "या डबीत पाणी जातं तरी कसं?"

शेजारचा अनीश चौदा वर्षांचा. त्याच्याकडे खोकंभर कार्डं होती आणि ज्ञान त्याहून जास्त. "याला स्लॅब म्हणतात," तो म्हणाला. "कार्ड कंपनीकडे पाठवायचं. ते लोक कोपरे, कडा, छपाई सगळं तपासून एक ते दहामध्ये मार्क देतात, आणि स्लॅबमध्ये पॅक करतात. कडा वितळवून जोडतात. एकदा बंद झालं की तोडल्याशिवाय उघडत नाही."

"स्लॅब?" मावशीचा आवाज आतून आला. "आमच्याकडे स्लॅब घरावर टाकतात."

म्हणजे मावशी रडत नव्हती. इलाला जरा बरं वाटलं. पण डोक्यात एक किडा वळवळायला लागला. कडा वितळवून जोडलेल्या असतील, तर कुंकू अडकलं कशात?

अनीश घरी पळाला आणि स्वतःचं एक स्लॅबबंद कार्ड घेऊन आला. त्याच कंपनीचं, पण अगदी साधं, त्याला वाढदिवसाला मिळालेलं. दोघांनी मावशीकडून कुंकू मागून घेतलं, तसंच पातळ केलं आणि त्याच्या चारही कडांना माखलं. मग पुसलं. कडा लख्ख झाल्या. कुठे रेघ नाही, की डाग नाही.

त्यांनी बाबांचा स्लॅब भिंगाखाली धरला. लाल रेघेच्या आजूबाजूला बारीक ओरखडे दिसले, पातळ काहीतरी आत घालून उचकटल्यासारखे. त्यावर वाळलेल्या गोंदाचा पापुद्रा होता. इतके दिवस हे पारदर्शक होतं म्हणून कोणाला दिसलं नव्हतं. कुंकू त्यात शिरलं आणि सगळं उघडं पडलं.

"कोणीतरी हा उघडून परत चिकटवलाय," इला म्हणाली.

"डॅम," अनीश म्हणाला. आणि मग, मावशी ऐकतेय हे आठवून, "सॉरी मावशी."

इतक्यात दाराची बेल वाजली. दारात शशिकांतकाका होते. बाबांना कार्डांचा नाद यांनीच लावला, शोला यांनीच नेलं, आणि त्याच विक्रेत्याकडून स्वतःलाही एक कार्ड घेतलं. एरवी हा माणूस दारातूनच चहा मागणारा. आज मात्र आत यायलाही तयार नव्हता.

"अतुल आहे का? नाही? वॉकला गेलाय? बरं झालं... म्हणजे, असू दे. इला, ते डोलनचं कार्ड दे ना जरा. उद्या परत आणून देतो."

"कशाला काका? परवाच तर नेलं होतं तुम्ही, मित्राला दाखवायला."

काकांनी घाम पुसला. "हो, पण आणखी एकाला दाखवायचंय. बाबांना सांगू नकोस, उगाच काळजी करेल."

"कार्ड बाबांच्या कपाटात आहे, किल्ली त्यांच्याकडे," इला म्हणाली. साफ थाप होती ती. कार्ड तिच्या पाठीमागे, तिच्याच हातात होतं.

काका गेले. गाडीत बसून बराच वेळ ते नुसतेच बसून राहिले. खिडकीच्या पडद्याआडून दोन डोकी त्यांच्याकडे बघत होती.

"यांनीच," अनीश कुजबुजला. "नेलं तेव्हा उघडलं, आतलं कार्ड बदललं. आता पुरावा गायब करायला आलेत."

इलाला ते पटवून घ्यायचं नव्हतं. या काकांनी तिला पोहायला शिकवलं होतं. पण त्यांचा घाम, ती घाई, ते "बाबांना सांगू नकोस"... संशय यायचा तो आलाच.

"एक तपासू या," अनीश म्हणाला. "स्लॅबवर नंबर असतो. कंपनीच्या वेबसाइटवर तो टाकला की कार्डाची माहिती येते. कार्ड घ्यायला सुरुवात करणाऱ्याने हे पहिलं शिकायचं."

नंबर टाकला. हँक डोलन, तेच वर्ष, तेच सात मार्क. सगळं बरोबर.

"बाबांनी पण इथपर्यंत बघितलं होतं," इला म्हणाली. "मला दाखवलं होतं ऐटीत."

"आणि खाली?"

खाली फोटो होता. कंपनीने स्लॅब बंद करताना काढलेला. दोघांनी हातातलं कार्ड स्क्रीनशेजारी धरलं. फोटोतल्या कार्डाच्या कडेची पांढरी पट्टी डावीकडे अरुंद होती आणि उजवीकडे रुंद. हातातल्या कार्डाची बरोबर उलटी. शिवाय याचा एक कोपरा बोथट झालेला.

लेबल खरं, डबी खरी, आतला डोलन मात्र दुसराच. चांगलं कार्ड काढून घेऊन कोणीतरी झिजलेलं कार्ड आत सरकवलं होतं.

"पण कधी?" इला म्हणाली. "काकांकडे जायच्या आधी की नंतर?"

ती खोलीत येरझारा घालायला लागली. आणि मग थबकली. बाबा नवीन काही घेतात तेव्हा काय करतात? अख्ख्या खानदानाच्या ग्रुपवर फोटो टाकतात. गाडी घेतली तेव्हा टाकला, गवत कापायचं मशीन घेतलं तेव्हासुद्धा टाकला. तिने फोनवर ग्रुप उघडला. आत्यांचे अंगठे आणि चुलतभावांच्या टाळ्या मागे सारत ती वर गेली. सापडला. विक्रेत्याच्या टेबलासमोर बाबा, मागे त्याचा भलामोठा बॅनर, आणि हातात गालाशी धरलेला डोलन. तिने फोटो मोठा केला.

रुंद पट्टी डावीकडे. हातातल्या कार्डासारखीच.

"काका नाहीत," इला म्हणाली. तिला एकदम मोकळं वाटलं. "तिथे टेबलावरच खोटं होतं."

ती धावतच बाहेर गेली. काकांची गाडी अजून तिथेच होती. तिने काचेवर टकटक केली आणि सरळ विचारलं, "काका, तुमचंही कार्ड बदललेलं निघालं का?"

काकांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "कालच कळलं बेटा. माझ्या ओळखीने अतुल त्या माणसाकडे गेला. आता अतुलला काय तोंड दाखवू? म्हटलं, गुपचूप दोन्ही कार्डं नेऊन परत करावीत. फोनवर तर तो माणूस म्हणाला, विकला तो माल विकला, म्हणून समोरच जाणार होतो."

"गुपचूप नाही काका," इला म्हणाली. "सगळ्यांसमोर."

बाबांना सगळं सांगितलं तेव्हा ते सोफ्यावर मटकन बसले. वेबसाइटवर खाली जाऊन फोटो बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं, असं दोनदा म्हणाले. मावशीबद्दल मात्र अवाक्षर नाही. इला वाट बघत राहिली.

शनिवारी पुन्हा शो होता, तेव्हा सगळे रॅलेच्या त्या हॉलवर गेले. इलाने हट्ट धरून मावशीलाही नेलं. विक्रेत्याचं नाव होतं व्हिटलो. गोड बोलणारा, कॅप डोळ्यांवर ओढलेला. शो भरवणाऱ्या कॅरल नावाच्या आजींना इलाने आधीच गाठून, "आमच्या मित्राला कार्ड घेताना जरा शेजारी उभ्या राहाल का?" एवढंच विचारलं होतं.

अनीश भोळा चेहरा करून पुढे झाला. "सर, मी नवीनच सुरुवात करतोय. घरी गेल्यावर आत भलतंच कार्ड निघालं तर?"

व्हिटलो हसला. "माझ्याकडे ते होत नाही. प्रत्येक कार्ड मी स्वतः वेबसाइटवरच्या फोटोशी जुळवून बघतो, मगच टेबलावर ठेवतो."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. पुढे कोणी घरी जाऊन उद्योग केले तर तो त्यांचा प्रश्न."

मग इलाने डोलन टेबलावर ठेवला. व्हिटलोने लाल रेघ पाहिली आणि तो लगेच म्हणाला, "हे बघा. यांनी घरी काहीतरी ओतलंय. उघडलंय यांनीच."

"असेलही," इला म्हणाली. "मग या फोटोत कोण आहे ते सांगा." तिने एका फोनवर कंपनीचा फोटो धरला आणि दुसऱ्यावर बाबांचा. "हे माझे बाबा, हा तुमचा बॅनर. कार्ड अजून तुमच्या टेबलापासून हलायचं होतं. दोन्हींच्या पट्ट्या बघा. जुळवून बघितलं होतं ना तुम्ही?"

कॅरलआजींनी चष्मा चढवला. आधी एक फोन, मग दुसरा, मग कार्ड. व्हिटलो भराभर स्लॅब खोक्यात भरायला लागला होता. आजींनी खोक्यावर हात ठेवला.

"थांबा. उरलेलेही बघू."

एकेक नंबर तपासला तसे आणखी काही बदललेले निघाले. आजूबाजूला गर्दी जमली. व्हिटलोचं टेबल त्याच दिवशी बंद झालं, बाबांना आणि काकांना पैसे परत मिळाले, आणि पुढचं पोलीस बघतील, असं आजी म्हणाल्या. "इतकी वर्षं मी शो भरवते," त्यांनी इलाचा आणि अनीशचा हात हातात घेतला, "पण आम्हा मोठ्यांच्या नजरेतून हे निसटलं. शाबास." शशिकांतकाकांनी तर अनीशला उचलूनच घेतलं, आणि तो "काका, मी चौदा वर्षांचा आहे" म्हणत राहिला.

मग कॅरलआजींनी ती लाल रेघ कशी आली ते विचारलं. इला सांगणार, तोच बाबा मध्ये बोलले.

"माझ्या मेव्हणीने घरात आलेल्या नव्या वस्तूला टिळा लावला. आमच्यात तशी पद्धत आहे. तो लावला नसता तर हे मला कधीच कळलं नसतं."

मावशी भिंतीवरच्या एका पोस्टरकडे बघत होती. इंग्रजी तिला चांगलं समजत होतं, पण ती वळली नाही. इला पुन्हा हिरमुसली. एवढ्याने भागणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

बाबा मावशीजवळ गेले आणि मराठीत बोलले. "ताई, चुकलं माझं. कार्ड खोटं निघालं म्हणून नाही म्हणत. ते अगदी खरं असतं, आणि कुंकवाने पार खराब झालं असतं, तरी मी तसं बोलायला नको होतं. घर तुमचंही आहे."

मावशी आता वळली. मग तिने पदराने नाक पुसलं.

"इला," ती म्हणाली, "तुझ्या आईला फोन लाव. म्हणावं, तिकीट राहू दे जसं होतं तसं."